रिंगणाखालची जमीन आणि दुसरा साक्षीदार

मी, कुसाका तामोत्सु, वय एकाहत्तर, सुमोच्या रिंगणात ‘इवानागी’ या नावाने लढलेला, राहणार र्‍योगोकु, तोक्यो, असे जाहीर करतो की माझा उजवा गुडघा कामातून गेला असला तरी डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी पाजलेली नाही. मी बोललो ते नोटरीसाहेबांनी लिहून घेतले आणि कायद्याप्रमाणे ते आता दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचत आहेत. मध्ये कोणी खोकू नये.

कलम १. मला बायको-मुले नाहीत. माझी खाणावळ, मोठे पातेले आणि सुऱ्या हे सगळे खाणावळीत माझ्याबरोबर राबणाऱ्या मिसाकोबाईंना द्यावे. पातेल्यात कोंबडीच घालावी. चार पायांचे जनावर म्हणजे हात टेकलेला पहिलवान, म्हणजे हार. एखादे गिऱ्हाईक डुक्कर मागेल, त्याला शेजारच्या दुकानाचा रस्ता दाखवावा.

कलम २. हामागोए तालीम ज्या जमिनीवर उभी आहे ती माझी आहे. आमच्या वस्तादांच्या पत्नींना, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना, ती वडिलांकडून मिळाली आणि त्यांनी ती माझ्या नावे केली. माझ्या हयातीपर्यंत तालमीने ती फुकट वापरावी, एवढाच कागद झालेला आहे. पुढे ती आपल्यालाच मिळणार, असे आजचे वस्ताद कुरोमिने धरून चालले आहेत. दर नवीन वर्षाला ते तांदळाची मोची घेऊन माझ्या तब्येतीची चौकशी करायला येतात. तब्येत बरी दिसली की त्यांचे तोंड उतरते.

कलम ३. हे कुरोमिने कोण, ते नोंदवणे आवश्यक आहे. इथून पुढे त्याला अहोजाहो करणार नाही. तो माझा धाकटा गुरुभाऊ. गावाहून आला तेव्हा त्याला लंगोटसुद्धा नीट बांधता येत नव्हता. मी बांधून देत असे. एका तालमीतले पहिलवान स्पर्धेत एकमेकांशी लढत नाहीत. अखेरीस पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तरच लढतात. नागोयाच्या स्पर्धेत आमची तशी बरोबरी झाली. वस्ताद आधीच बोलून गेले होते, "जिंकेल त्याच्या हाती तालीम देईन."

खोलीतून निघताना कुरोमिने म्हणाला, "दादा, आज छातीला छाती. पळापळी नको."

मी म्हणालो, "एवढं पोट घेऊन पळणार कुठे तू?"

त्याच्या शब्दावर अख्ख्या अंगाचा भार टाकून मी धावून गेलो. तो बाजूला सरकला. मी रिंगणाबाहेर पडलो तो गुडघ्यावर. मग इस्पितळात येऊन मला म्हणतो, "बाजूला सरकणं नियमात बसतं, दादा. तू खाली बघत होतास." माफीचा शब्द नाही.

गुडघा गेला, दर्जा घसरला. सुमोत वय विचारत नाहीत, दर्जा विचारतात. मी पुन्हा नवशिक्यांबरोबर भांडी घासू लागलो आणि कुरोमिने जेवायला बसला की त्याच्या पाठीमागे भाताचे भांडे घेऊन उभा राहू लागलो. तो मागे न बघताच वाडगा पुढे करी. "दादा, भात. गरम आण हां!" पाहुणे हसत. तो राग माझ्या पोटात जसाच्या तसा आहे. मी तो निवू दिलेला नाही.

कलम ४. वस्ताद गेल्यावर कुरोमिनेने मालकीणबाईंना तालमीतून काढून लाँड्रीवरच्या एका खोलीत ठेवले. शेवटपर्यंत त्यांचे मीच केले. एकदा त्या म्हणाल्या, "तामोत्सु, जमीन माझ्या बापाची. घर झाडलं मी, पोरांची आजारपणं काढली मी. पण मधल्या त्या रिंगणाच्या मातीवर कधी पाय ठेवू दिला नाही रे मला. बाई ना मी!"

सबब, माझ्या मृत्यूनंतर एका वर्षाने ती जमीन आमच्या वस्तीतल्या मुलींच्या सुमो संघाला द्यावी. त्या पोरी आज शाळेत गाद्या टाकून सराव करतात. रिंगण मोडू नये, माती बदलू नये. मुलींनी सरळ मधोमध जाऊन उभे राहावे. तालमीतल्या पोरांनी माझे काही बिघडवलेले नाही; त्यांना दुसऱ्या तालमी घेतील. कुरोमिनेचे त्याने बघावे.

कलम ५. कुरोमिनेला माझा गुडघ्याचा पट्टा द्यावा, अशी फार इच्छा होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून सुतळीचा तोडासुद्धा देता येत नाही, असे नोटरीसाहेब म्हणाले, आणि दुसरा साक्षीदार तोच आहे. "जमिनीचं तुझ्याच साक्षीने करू," असा निरोप मी धाडला होता. तो ठेवणीतला किमोनो घालून आला असेल. आता त्याला दार दिसू लागेल. त्याने खुशाल उठावे. बाहेर मिठाईवाले तात्सुनो बसवून ठेवले आहेत. ते सही करतील आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या र्‍योगोकुला सांगतील की कुरोमिने पुन्हा सरकला.

हे सर्व मी राजीखुशीने सांगितले आहे. राजी थोडा, खुश फार.

मृत्युपत्रकर्ता: कुसाका तामोत्सु (सही, शिक्का)

स्थळ: नोटरी कार्यालय, तोक्यो. दिनांक: ११ नोव्हेंबर, रेइवा ६ (इ.स. २०२४).

साक्षीदार १: यागुची तोकुहेई, पहिलवानांचे अंबाडे बांधणारे, निवृत्त (सही, शिक्का)

नोटरीची नोंद, मृत्युपत्रकर्त्याच्या आग्रहावरून: दुसरे साक्षीदार वाचन संपेपर्यंत बसून राहिले. त्यांनी सहीच्या जागी ‘कुरोमिने’ असे लिहिले. रिंगणातले नाव कायद्याला चालत नाही, जन्माचे लिहावे लागेल, असे त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, "दादा, मी आता जाऊ कुठे?" मृत्युपत्रकर्ते म्हणाले, "आधी नाव लिही."

साक्षीदार २: ~~कुरोमिने~~ हिरुमा शोझो (सही, शिक्का)