आडनावामागचा ओवा

बुधवार, २१ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आता वळतो, बाबा रोज त्याच खुर्चीत बसून त्याच बातम्यांवर चिडतात. तुझं पत्र मिळालं. येणाऱ्या भाडेकरूंसाठी वरच्या खोलीला पिवळा रंग दिलास, मुलीसाठी छोटा पलंगही आणलास, हेही वाचलं.

सरळ लिहायचं ठरवून बसले आणि आईच्या गुडघ्यात अडकले, बघ.

तुझ्या नवऱ्याला आजवर मी ‘ते’ म्हणत आले. या पत्रात ‘तो’ म्हणणार आहे.

जूनमध्ये तो चेक देशातल्या नोकरीतून सुट्टीवर आला होता, तेव्हा आमच्या भाषांतर कचेरीत आला. हातात चेक भाषेतले दोन कागद होते. मुलीचा शाळेचा दाखला आणि तिच्या आईचं नोकरीचं प्रमाणपत्र. “माझ्या सहकारी बाई आहेत, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतील. मुलीला इथल्या शाळेत घालायचंय. घरच्या घरी होतंय तर बाहेर कशाला द्यायचं, ताई?” किती साळसूद चेहरा होता म्हणून सांगू.

दोघींचं आडनाव तुझंच होतं, धाकटे. फक्त मागे ‘ओवा’ जोडलेला. पोटदुखीवर चावतात तो नव्हे.

हा ओवा पुष्कळ भाषांत फिरतो. रशियनमध्ये तो बायकोच्याही आडनावाला लागतो आणि मुलीच्याही. जुन्या वळणाच्या पोलिशमध्ये तो फक्त बायकोचा, मुलीसाठी वेगळा प्रत्यय. जर्मनमध्ये ‘ओवा’ नाही, ‘इन’ आहे. पूर्वी तिथे ‘प्रोफेसरीन’ म्हणजे शिकवणारी की प्रोफेसरची बायको, ते विचारावं लागे. आपल्या मास्तरणीसारखंच. आणि चेकमध्ये बाई परदेशी माणसाशी लग्न करते, तेव्हा त्याच्या आडनावालाही बहुधा ओवा जोडून घेते. मुळात अर्थ एकच, अमक्याची. आपल्या ‘चा-ची-चे’मधली ‘ची’.

मी त्याला विचारलं. तो हसला. “इथे ते कोणालाही वेगळंच आडनाव वाटेल. तुमच्याशिवाय कळणार कोणाला? या विद्येत तुमचा हात धरणारं कुणी नाही, ताई.” मग आवाज उतरवून म्हणाला, “तिला सांगितलंत, तर घर तुम्ही मोडलंत असं होईल.”

लग्नापासून हाच माणूस मला ‘शेपटीबाई’ म्हणायचा. जेवताना सगळ्यांसमोर विचारायचा, आज कुठल्या शब्दाचं शेपूट धरलंत? त्याने माझ्या विद्येला मान दिला आणि क्षणभर मला बरं वाटलं. त्याची किळस येतेच, पण त्या क्षणाची जास्त येते. नंतर कितीतरी वेळा हात धुतले.

अशा आडनावाखाली भाषांतरकाराने टीप द्यायची असते. मी दिली नाही. शिक्का मारला, सही केली, आणि दोन महिने मूग गिळून बसले. तुला फोनवर पडद्यांचे रंगसुद्धा सुचवले.

एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. दाखल्यावर जन्मतारीख आहे. मुलगी पुढच्या महिन्यात सहा वर्षांची होईल. ‘आपल्याला मूल नको’ असं त्याने तुझ्या गळी उतरवलं आणि तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस, त्याला सात वर्षं होतील. तू रडत होतीस तेव्हा मी त्याचीच बाजू घेतली होती. विचारी माणूस आहे, म्हणाले होते.

आज सकाळी शाळेला दुरुस्त भाषांतर दिलं. खाली टीप आहे: ‘हे आडनाव पतीच्या आडनावाला स्त्रीवाचक प्रत्यय लागून झाले आहे.’ प्रत सोबत जोडली आहे. साहेबांनाही सगळं सांगितलं. माझा शिक्का काढून घेतील बहुतेक. घेऊ देत.

हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून कुरिअरने पाठवते. उद्या तुझ्या हातात पडेल. शनिवारी तो आणि त्या मायलेकी, अशी तिघं सामान घेऊन तुझ्या दारात येतील. त्या पोरीचा यात काही दोष नाही. बाईला तुझ्याबद्दल काय सांगून ठेवलंय, ते मला माहीत नाही. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

मी शुक्रवारी संध्याकाळीच पोचते. मला आत घ्यायचं की नाही, तेही तूच ठरव. नाही घेतलंस तर पायरीवर बसेन, पण शनिवारी तुला एकटीला ठेवणार नाही.

सगळं कळत असून गप्प बसलेली,
तुझी ताई