उंच बुडाची वाटी

तीर्थरूप भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालतो. (ताईचं शेकणं आणि तुमचं कुरकुरणं, दोन्ही वेळेवर चालू असणारच.) आम्ही दोघं ठीक.

ट्रेच्या गाडीचा पायानं दाबायचा ब्रेक, एका दाबात सहा डब्यांना झाकण लावणारा दांडा, भात ठरल्याइतकाच उचलणारा डाव आणि गोडाच्या वाटीचा साचा. विमानांना जेवण पुरवणाऱ्या आमच्या स्वयंपाकघरातल्या या चार वस्तू मी माझ्या हातांनी घडवल्या, त्याही कुठल्या कॉलेजची पायरी न चढता. (तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिलं.) तेव्हा विमानात गोड ‘चाटण्यापुरतं’ मिळालं ही तक्रार तुम्ही योग्य माणसाकडे केलीत. जेवणावर कंपनी खर्च तरी किती करते, असंही विचारलंत. इतरांचं ठाऊक नाही, तुम्ही जिच्या विमानानं गेलात आणि आम्ही जिला जेवण पुरवतो ती कंपनी तिकिटाच्या शंभर भागांतले तीन खर्च करते. त्यातलेही निम्मे जेवण गार ठेवण्यात, विमानात चढवण्यात आणि ट्रे धुण्यात जातात. उरलेल्यात तुम्ही जेवता. पण कंपनीच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या साहेबांना तेही डोळ्यांवर येतं. (आम्ही त्यांना काटकसर म्हणतो. माणूस वाईट नाही, स्वतःचा चहाही अर्धाच घेतो.)

गेल्या महिन्यात काटकसर माझ्याकडे आले. वाटी बाहेरून हीच हवी, आतून मात्र बूड वर उचललेलं. कस्टर्ड कमी लागेल आणि वाटी भरलेली दिसेल. मी तिथंच नाही म्हणायला हवं होतं, पण ते म्हणाले की हे काम तुम्हाला जमेल असं वाटत नाही. आता माझा स्वभाव तुम्ही जाणता. घरच्या घरी साचा केला, नमुन्याच्या वाट्या काढल्या. तीच गोलाई, तीच कड. जुनी आणि नवी भरून शेजारी ठेवल्या तर मलाच ओळखू येईनात. दोन दिवस मी हवेत होतो.

मग चाचणी. आमच्याकडे पद्धत अशी, की नवं काही निघालं की भंगारातल्या विमानाच्या खुर्च्यांवर कामगारांच्या घरची माणसं बसवायची, इंजिनाच्या आवाजासाठी मोठा पंखा लावायचा आणि जेवायला घालायचं. आमच्या घरून ही आली. ठेवणीतले कपडे, मांडीवर पर्स. खुर्चीचा पट्टा बांधला तो शेवटपर्यंत सोडला नाही. (विमानात ती कधी बसलेली नाही. मीही नाही.) गोड तिनं शेवटाला ठेवलं. घरी आल्यागेल्या सगळ्यांना वाढून तिची पाळी येईपर्यंत पातेलं खरवडायचंच उरतं, म्हणून असेल. चार घास झाले आणि चमचा बुडाला लागला. तिनं पुन्हा खरवडलं. वाटी उचलून खालून पाहिली. वाढणाऱ्या मुलीनं काही हवंय का विचारलं, तर म्हणाली, “नको गं. मला वाटलं, खाली अजून असेल.” तेही अशा आवाजात, जणू चूक तिचीच.

काटकसर माझ्या कानाशी वाकले. “पाहिलंत? वाटीवर नाही, स्वतःवर संशय घेतला. उत्तम काम.”

भाऊजी, माझ्या कामाचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी साचा पिशवीत घातला आणि घरी आणला. त्यांनी साच्यासाठी आकडा सांगितला, मी नाही म्हटलं. त्यांनी वाढवला, मी पुन्हा नाही म्हटलं. सध्या साचा आमच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आहे. उंची अगदी बरोबर बसली.

तेव्हा तुम्हाला मिळाली ती माझी जुनी वाटी. लहान आहे, कबूल. पण दिसते तेवढी आहे.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. या महिन्यापासून तिथलं माझं काम ‘कमी’ झालं आहे, म्हणजे बंदच. तुमच्या ओळखीत कुणाला साचे, ब्रेक, डाव, काहीही करून हवं असेल तर शब्द टाकावा. मी मागितलं असं मात्र सांगू नये.

आणखी एक. पुढच्या आठवड्यात तुम्ही इकडे याल तेव्हा हिच्यासमोर साच्याच्या आकड्याचा विषय काढू नका. मी तिला चाळीस हजार सांगितले आहेत. त्यावरही ती बराच वेळ चहा ढवळत बसली आणि मग “बरं केलंत” म्हणाली. सव्वाचार लाख देत होते.