सोळा घरं, एकच मत

३ मार्च, सोमवार

आमच्या गेटवर फलक! हातभर उंचीची अक्षरं — 'सोळा घरं, एकच मत!' खाली उमेदवाराचे जोडलेले हात आणि बत्तीसच्या बत्तीस दात.

सोळावं घर माझं. मला विचारलं कोणी? चार मजले चढताना गुडघ्यांनी बोंब मारली, पण राग पुढे पळत होता. पोहोचले.

४ मार्च

भाऊजींना गाठलं. माझे धाकटे दीर, तळमजल्यावर राहतात, सोसायटीचे सेक्रेटरी. फलक त्यांचाच.

"वहिनी, आपण सगळ्यांनी ठरवलंय. निवडून आले की लिफ्ट बसवून देणार. तुमच्याच गुडघ्यांसाठी!"

"'आम्ही' म्हणा, भाऊजी. 'आपण' म्हटलं की त्यात ऐकणारा येतो. मी कधी आले?"

"व्याकरणावर लिफ्ट चालत नाही, वहिनी."

कॉन्व्हेंटात इंग्रजी निबंधात 'वी' लिहिलं की सिस्टर विचारायच्या, बाकीच्यांना विचारलंस? त्या एका शब्दापायी पट्टी खाल्लीय मी.

आजवर एकही मतदान चुकवलं नाही. ज्यांना मत दिलं ते सगळे पक्ष बदलून मोकळे झाले. माझं मत कुणाला, हे नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. आणि भाऊजींनी ते गेटवर टांगलं!

७ मार्च

फलक फाडणार नाही. दुसऱ्यांचं मत फाडायचा मला काय अधिकार? माझ्यापुरती दुरुस्ती केली. कागदावर ठळक अक्षरांत 'पंधरा' लिहिलं आणि 'सोळा'वर चिकटवलं. दिवसाढवळ्या, भाजीवाल्यासमोर.

८ मार्च

तिसऱ्या मजल्यावरची जिन्यात आडवी आली. "तुमच्या हट्टापायी लिफ्ट गेली तर?"

"तर चढेन. तुझ्यापेक्षा एक मजला जास्तच!"

तोंड चाललं. घरात आल्यावर मात्र दाराला आतून कडी घातली.

९ मार्च, रविवार

हे गेल्यापासून भाऊजींनी रविवारचा चहा कधी चुकवला नाही. आज आले नाहीत. दोघांचा चहा मी एकटीने प्यायले. कडू झाला होता. एका शब्दासाठी घरचं माणूस घालवलं का मी?

१० मार्च

फलकावर 'चौदा'!

मी नाही चिकटवलं. अक्षर माझं नव्हे, इतकं गिचमिड मी मेले तरी लिहिणार नाही.

११ मार्च

'अकरा'.

१२ मार्च

'आठ'. तिसऱ्या मजल्यावरची पुन्हा जिन्यात. बोटांना डिंक! माझ्याकडे बघितलं, बोटं पदराला पुसली, म्हणाली, "सावकाश चढा हं, काकू."

हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला. मला वाटत होतं, अख्खी इमारत एका सुरात गातेय. प्रत्येकजण बाकीचे गातात म्हणून नुसते ओठ हलवत होता!

आज चार मजले एका दमात. लिफ्ट गेली खड्ड्यात.

१५ मार्च

'एक घरं, एकच मत!' उरलं ते तळमजल्यावरचं. 'घरं'वरचा अनुस्वार डोळ्यांत खुपत होता. राहवलं नाही, खोडला.

१६ मार्च, रविवार

भाऊजी चहाला आले. दोन कप प्यायले. उठताना दाराशी थांबले.

"वहिनी, डिंक आहे का?"