वाढलेलं टाकायचं नाही

बाबा, परवा मी वाइन प्यायले. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या कपाळावरची शीर उगाच फुगायला नको. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती शीर मला अजून दिसते. काकाच्या तेराव्याला भोपाळच्या पिपलानीतल्या आपल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तुम्ही मला आणि दादाला स्वयंपाकघरातल्या देवांसमोर उभं केलंत, तेव्हाही ती तशीच फुगली होती. काका दारूनं गेला हे आम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही ते मोठ्यानं बोललात. "थेंबसुद्धा नाही. आणि पिणाऱ्यांच्या घरात लेक द्यायची नाही." आम्ही मान डोलावली.

आता तुमची नात, जिला तुम्ही फक्त पाळण्यात पाहिलंत, ती लग्न करीन तर याच मुलाशी म्हणून हटून बसली आहे. मुलगा गुणी आहे. पण घरचा धंदा काय, तर द्राक्षं लावायची आणि त्यांची वाइन करायची! "आई, सगळं ऑरगॅनिक आहे गं," असं ती मला समजावत होती. शेणखत घातलं की दारू सोवळ्यात येते, अशी तिची समजूत असावी. मी म्हटलं, घर बघून येते, मग बोलू. खरं सांगायचं तर 'नाही' तयार ठेवूनच मी तिच्या गाडीत बसले.

भोपाळहून दीडेक तासावर त्यांची बाग. वडील आणि थोरला मुलगा वेली बघतात, वाइन मुलाची आई करते. काळ्या द्राक्षांनी तिची बोटं जांभळी झालेली. फवारणी म्हणून त्या वेलींवर आंबट ताक मारतात, हे ऐकून मला हसूच आलं. पण मी ज्यासाठी गेले होते ते विचारलंच. "घर में पीता कौन है?" लेकीनं माझा पदर ओढला. ती बाई शांतपणे म्हणाली, "चखते सब हैं, दीदी. पीने बैठ गए तो बेचेंगे क्या?" मग आपणहून, माझ्याकडे बघत म्हणाली, "ससुरजी पीते थे. आधे खेत उसी में बिक गए. बच्चों को सब मालूम है." मला ते फार आवडलं, बाबा. आपल्याकडे काकाचं नाव निघालं की सगळे उठून भांडी आवरायला लागायचे.

मग तिनं काचेच्या पेल्यात बोटभर पांढरी वाइन ओतली आणि शेजारी स्टीलची बादली ठेवली. मला वाटलं, हात धुवायला असेल. पेला हातात, समोर ती दोघं नवराबायको, पलीकडे श्वास रोखून उभी असलेली माझी लेक, आणि मला आठवते ती सोनागिरीतली पंगत. तुमच्या कारखान्यातल्या कुणाकडे तरी जेवण होतं, आणि मी कारल्याची भाजी पानात ठेवून उठत होते. पंगत उठली तरी तुम्ही माझ्याशेजारी बसून राहिलात. "वाढलेलं टाकायचं नाही. वाढणाऱ्यानं आपल्याला आपलं मानलेलं असतं." रडत रडत ते कारलं मी संपवलं होतं. आता तुमच्या दोन्ही आज्ञा एकाच पेल्यात. कुठली पाळू? मी डोळे मिटले आणि पेला एका दमात रिकामा केला.

"अरे दीदी!" ती बाई पोट धरून हसायला लागली. "थूकना था! बाल्टी इसीलिए तो रखी है." तिनं स्वतः घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बादलीत नीट थुंकून दाखवला. म्हणाली, दिवसभर हेच करते, गिळत बसले तर संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार? दुसऱ्याच्या घरी दिलेलं थुंकायचं असतं, हे तुम्ही मला कुठे शिकवलं होतं! मग तिनं लाल ओतली. ती आधी आंबट, मग तुरट लागली, पगाराच्या दिवशी तुम्ही आणायचात त्या द्राक्षांची साल चावल्यासारखी.

परतताना गाडी चालवता चालवता लेकीनं घाबरत विचारलं, "आई, काय ठरवलंस?" मी म्हटलं, "त्यांना तारीख काढायला सांग." तिनं गाडी बाजूला घेतली आणि माझ्या गळ्यात पडली. तुम्ही असतात तर चिडला असतात, आणि मग त्या बाईशी बोलून निवळलाही असतात, असं मला मनापासून वाटतं.

घरी मी सगळ्यांना सांगते की बाबांच्या शिकवणीपायी घोट गिळावा लागला. पहिल्या पेल्यापुरतं ते खरंच आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून दुसऱ्याचंही लिहून टाकते. लाल वाइन तोंडात होती तेव्हा बादली हाताशी होती, बाबा, आणि ती कशासाठी आहे हे मला चांगलं माहीत होतं.