खाली ठेवलेला चाकू

माय,
ओसाकाहून तुझ्या प्रतिक्षाचा जयभीम. मी मजेत हाय.

इथं विळी मिळत न्हाई, म्हणून आज चाकू घेतला. कामावर वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना उठवून-बसवून मनगट दुखतं. थोडंसंच, घाबरू नको. म्हणून सगळ्यात हलका निवडला.

दुकानातली बाई दोन्ही हातांनी चाकू देऊन राहिली होती अन् मी घेईचना. खुणेनं म्हणलं, खाली ठेवा. धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं, हे तिला काय माहीत!

धाकट्या राणीचा खोकला गेला का? तू वेळेवर जेवत जाय.

खोलीवर येऊन एकटीपुरतं वांगं चिरलं. तवा वाटलं, त्या बाईच्या हातातूनच घ्यायला पाहिजे होता. भांडायला तरी कुणी झालं असतं.

तुझी लेक,
प्रतिक्षा