एक्केचाळीस ध्वनिमुद्रणांची तजवीज

मी, वैदेही कमलाकर उतेकर, वय ३२, व्यवसाय ध्वनिसंयोजन, राहणार पोलादपूर, जि. रायगड, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे आज शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाविना लिहून ठेवत आहे. रक्ताच्या आजारावरचे माझे उपचार सप्टेंबरात थांबवले. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत आणि माझी बुद्धी शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहत्या घरातील माझा हिस्सा व बँकेतील शिल्लक माझी आई, श्रीमती कालिंदी कमलाकर उतेकर, हिला. माझा भाऊ निषाद पुण्याला असतो. त्याने आईच्या हयातीत घर विकण्याचा विषय काढू नये. याला कायद्याचा आधार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते.

२. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून महाडच्या वाचा-उपचारतज्ज्ञ माहरुख देशमुख यांना नेमते. ती माझी मैत्रीण आहे, म्हणून पुढे एकेरीत लिहिते. तिने होकार दिला आहे, पण खुशीने नाही.

३. पुढची कलमे समजावीत म्हणून थोडे सांगणे भाग आहे. चित्रपट व मालिकांतल्या परग्रहवासीयांना आवाज देणे हे माझे काम. पहिल्या चित्रपटातला प्राणी मी आंबेनळी घाटात एसटीच्या ब्रेकवर बेतला, दुसऱ्यातला वासराच्या हंबरण्यावर. दोन्ही खोटे वाटले. रबरी चेहऱ्यामुळे नव्हे. त्या प्राण्यांना काही सांगायचेच नव्हते, म्हणून. आपल्याकडचा परग्रहवासी एक तर शुद्ध बोलतो नाही तर नुसता गुरगुरतो. सांगायचे पक्के माहीत आहे आणि तोंडातून निघत नाही, असा आवाज मला हवा होता.

तो घरात होता. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, चौतीस वर्षे मराठीचे शिक्षक होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली. जी परत आली ती लहानपणची. ‘नाय’, ‘हाय’, ‘पानी’, ‘गो’. मुलांच्या वह्यांत ज्या शब्दांखाली त्यांनी आयुष्यभर लाल रेघ मारली, तेवढेच त्यांच्यापाशी उरले. माहरुखने रोजचा सराव ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगितला होता. मी घरातला सर्वांत चांगला मायक्रोफोन लावला. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा फोन आला. “वैदेही, तू सरांचा सराव घेतेस की माल भरतेस?” मी म्हटले, सराव. तेव्हा ते अर्धेच खरे होते.

अशी एक्केचाळीस ध्वनिमुद्रणे आहेत.

४. मालिकेचे नाव करारामुळे लिहीत नाही. या तालुक्यात ते लिहिण्याची गरजही नाही. कंपनीला आवाजाच्या धन्याचे संमतिपत्र हवे होते. अप्पांचा सहीचा हात निकामी होता, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल असे कळवण्यात आले. आवाज ‘संपूर्ण विश्वात, आज ज्ञात असलेल्या व पुढे शोध लागणाऱ्या प्रत्येक माध्यमात, कायमस्वरूपी’ वापरण्याचा हक्क त्या कागदाने कंपनीकडे गेला. ‘विश्वात’ हा शब्द करारातला आहे, माझा नाही. त्यामुळे मालिकेतल्या आवाजाची तजवीज या मृत्युपत्राने करता येत नाही. मूळ ध्वनिमुद्रणांची येते.

५. क्रमांक २७ विषयी.

तो ठसा घेतला तेव्हा यंत्र चालूच होते. शाईच्या डबीचे झाकण ऐकू येते. मग मी म्हणते, “अप्पा, फक्त एक अंगठा.” चार सेकंद काही नाही. मग ते म्हणतात, “नको गो.” मग कागदाचा आवाज.

एक्केचाळीस दिवसांत ते इतके स्वच्छ दुसरे काही बोलले नाहीत. त्यामुळे निवड करताना मी तेच उचलले. स्वर खाली आणला, गती निम्मी केली, मागे रवंथ करणाऱ्या म्हशीचा थर दिला. ‘नाकोगो’ असे झाले. पडद्यावर त्याखाली ‘शरण या’ अशी अक्षरे आली. महाडच्या बाजारात पोरे ते ओरडत फिरली. निषादने त्याचे टी-शर्ट छापून वाटले.

क्रमांक २८ ते ४१ मध्ये अप्पा पुन्हा सराव करतात, माझ्यासमोर, न कुरकुरता. ती संमती होती असे मी बराच काळ धरून चालले. आता धरत नाही.

६. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथा भाग लागला, तेव्हा निषादने शेजाऱ्यांना चहाला बोलावले होते. अप्पा खुर्चीत होते. आई खाली बसून वाल सोलत होती. टीव्हीवर तो शब्द आला आणि मान वर न करता आई म्हणाली, “काय नको? पाणी नको, का टीव्ही नको?”

सगळे हसले. मग तिने वर पाहिले. अप्पांचे तोंड मिटलेले होते. समोरच्या दुकानाचे मोरूभाऊ म्हणाले, “मास्तर, तुमची बदली पार दुसऱ्या ग्रहावर झाली हाय.” मोरूभाऊंचा यात दोष नाही. विनोद चांगला होता. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही हे मुद्दाम नमूद करते.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. दुसऱ्याच्या वहीत पाहून लिहिलेले सापडले की ते मुलांकडे पाहत, तसे. नंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माहरुखने तांब्याचे चित्र पुढे धरले, त्यांनी ते उपडे केले. ९ जानेवारी २०२५ रोजी ते वारले. सतरा महिने त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. दुसरा झटका आला असावा असे निषाद म्हणतो. तपासणीत तसे काही आढळले नव्हते. अहवाल कपाटात आहे.

७. त्या मालिकेसाठी मला मिळालेले सन्मानचिन्ह भंगारात द्यावे. पितळेचे नाही, नुसता मुलामा आहे.

८. ध्वनिमुद्रणाचे यंत्र व मायक्रोफोन माहरुखच्या दवाखान्यास. अट एकच. रुग्णाने मान फिरवली तरी तो नकार समजून यंत्र बंद करावे. माझे हेडफोन निषादला. त्याने ते लावून क्रमांक २७ एकदा ऐकावे. बाकी त्याला माझ्याकडून काही नाही, टी-शर्ट त्याच्याकडे आहेतच.

९. आता मुख्य गोष्ट. अप्पा गेल्यापासून आई रोज दुपारी जेवण झाले की चौथा भाग लावते आणि एकतिसाव्या मिनिटावर थांबून तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकते. खाली काय लिहिले आहे ते वाचत नाही. मार्चमध्ये तिने मला विचारले, “यांचं मूळचं काही आहे का गं तुझ्याकडे? त्या भुताखालचं?” मी सांगितले की कंपनीच्या नियमाप्रमाणे सर्व पुसले. तो नियम नाही, आणि मी पुसलेले नाही. तिने पुन्हा विचारले नाही. टीव्हीचा आवाज मात्र वाढवला.

ती मालिका पाहण्याचे खाते माझ्या मोबाइल क्रमांकावर आहे. माझ्या पश्चात क्रमांक बंद होईल, त्याबरोबर खाते, आणि आईच्या कानावर येणारा तेवढाही आवाज. म्हणून सर्व एक्केचाळीस ध्वनिमुद्रणे, कोणताही बदल न करता, तिला देत आहे. दोन प्रती केल्या आहेत. एक माझ्या टेबलाच्या खणात, दुसरी माहरुखकडे मोहोरबंद.

कच्चा मसुदा वाचून माहरुख म्हणाली, “जिवंतपणी दे. नाही तर सत्तावीस काढून टाक. काकूंना अजून वाटतं की सर पाणी नको म्हणत होते.” दोन्ही मला जमणार नाही. पहिल्याला धैर्य नाही. दुसरे केले तर अप्पांचा तो शब्द मी दुसऱ्यांदा माझ्या सोयीने वापरल्यासारखे होईल.

आईला कोणी अर्थ सांगू नये. तिला तो लागतो. ऐकून झाल्यावर माझ्याविषयी ती काय ठरवेल ते तिचे. तिने मला माफ केले असे कोणी परस्पर बोलू नये आणि तिला तसे बोलायला लावू नये. माझे दिवसकार्य करायचे की नाही हे तिने तोवर ठरवू नये, म्हणून ध्वनिमुद्रणे तिसऱ्या दिवसाच्या आत द्यावीत.

क्रमाने लावावीत. सत्ताविसाव्याला माहरुखने खोलीतून उठून जाऊ नये. आईने ते बंद करायला सांगितले, तर लगेच बंद करावे.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला, वाचला, व तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. आई लाभार्थी असल्याने तिला साक्षीला बोलावलेले नाही. या क्षणी ती बाहेरच्या खोलीत आहे आणि टीव्ही चालू आहे.

(सही) वैदेही कमलाकर उतेकर

आम्हां दोघांच्या देखत वैदेही उतेकर यांनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली:
१. (सही) अश्वजित सखाराम साळवी, महाड
२. (सही) तुळसा भरत कळंबे, पोलादपूर

ठिकाण: पोलादपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५