उंबरावरची दोन फडकी

प्रिय गोदाआत्या,

उद्या तुझा तेरावा, आणि आज मी तुझी सायकल पळवली आहे. हे तुला आधी माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितेय. अण्णा सांगतील तेव्हा तिखटमीठ लावून सांगतील.

पांजऱ्यात एका पडवीत बसलेय. आत पहिलटकरीण आहे, कळा अजून लांब लांब येतायत. पहिलटकरणीच्या दारात नर्सनं घाई केली की सगळं घर घाबरतं, असं तूच म्हणायचीस ना? म्हणून मी मुकाट्यानं बसलेय. तुझ्याच पिशवीतली पेन्सिल आणि तुझ्याच वहीचं पान. खाली धरणाचं पाणी यंदा पार तळाला गेलंय. बुडालेल्या शेतांचे बांध उघडे पडलेत, आणि त्यावर कुणाची तरी गुरं चरतायत.

आता भांडायला लागू का?

शेवटच्या दिवशी तू अण्णांना जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "दादा, सायकल दानात देऊन टाक. शकूला त्या रस्त्याला लावू नको." मी दाराबाहेर पेजेची वाटी घेऊन उभी होते. शब्द न् शब्द ऐकला. आत्या, मला सायकल शिकवलीस ती काय शोभेला?

राजूरच्या बाजारतळावर, बाजार नसायचा त्या दिवशी, नळीखालून पाय घालून मी तिरकी तिरकी चालवायची आणि तू मागून सीट धरून पळायचीस. अख्खं गाव बघायचं. विधवा बाई, अंगावर पांढरं नऊवारी, काष्टा घातलेला, आणि पुरुषाची नळीची सायकल! दवाखान्याच्या साहेबांनी पाचवारी नेसायला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "साहेबांनी आधी पाचवारी नेसून या नळीवर टांग टाकून दाखवावी." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. तीच तू, जाताना असं शेपूट घातलंस?

अण्णांनी तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ धरलीय. माझी ऑर्डर आली दहाव्याला. शेंडीचा दवाखाना, तुझीच जागा. त्यांनी वाचली, घडी केली आणि गणपतीच्या तसबिरीमागे खोचली. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "मला बहीण एकच होती, शकू. मुलगीपण एकच हाय. त्या रस्त्याला आता आमच्या घरातलं मानूस मिळायचं न्हाई." आणि रडले. अण्णांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. भांडणारा माणूस परवडला गं!

काल गुरुजी आले होते. अण्णांनी यादी सांगितली : छत्री, चपला, तांब्या आणि सायकल. गुरुजींनी ओट्याला टेकवलेली ती उंच सायकल बघितली आणि कानाला हात लावले. "अहो, मला बसता येत नाही तिच्यावर!" अण्णा म्हणाले, "मग हातात धरून न्या." आई पदरात तोंड घालून हसली. अकराव्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणी हसलं, तेही तुझ्या सायकलीमुळे.

आज उजाडता उजाडता मी तसबिरीमागची ऑर्डर काढली, चाकात हवा भरली आणि निघाले. अण्णा अंगणात दात घासत होते. "शकू!" एवढीच हाक मारली. मी वळले नाही. वळले असते तर उतरले असते.

रंध्याच्या उताराला तू शिकवलंस तसं केलं : आधी मागचा ब्रेक, दात मिटलेले, बोलायचं नाही. चढाला उतरून ढकलली. चढाला उतरण्यात लाज नाही, पोचण्याशी मतलब, हेही तुझंच. दुष्काळी कामावरच्या बाया रस्त्यावर खडी पसरत होत्या. त्यातली एक सायकल बघून उठलीच. "नर्सबाई?" म्हणाली, मग माझं तोंड बघून खाली बसली. शेंडीला पोचले, ऑर्डर दाखवली, सही केली. झाले हजर!

आणि मग फाटा. तुझा तो उंबर.

दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात हा रिवाज असेल असं मला वाटत नाही. उजवीकडे पांजरे-उडदावण्याची वाट, डावीकडे रतनवाडीची. मध्ये पाणी. एकीकडे गेलं की दुसरीकडचा दिवस गेलाच. म्हणून वाडीवरचा जो कोणी शेंडीला येईल त्यानं आपल्या बाजूच्या फांदीला फडकं बांधायचं. तापाला साधं, बाळंतपणाला लाल काठाचं. तू सकाळी फाट्यावर यायचीस, वर बघायचीस आणि हँडल वळवायचीस.

दिवाळीनंतरचा तो दिवस तू मला एकटीलाच सांगितलास. दोन्ही फांद्यांना लाल काठ होता. उजवीकडे चढ होता, तुझे पाय भरून आले होते, तू डावीकडे वळलीस. डावीकडची बाई सुटली. उजवीकडची, इथली, या गावातली, गेली. "मी चढाला भ्याले गं," म्हणालीस. त्यानंतर तू कधी चढाला उतरली नाहीस. डोळे पिवळे झाले तरी सीटवर बसून पायडल मारत राहिलीस. मला ते डोळे दिसले होते, आत्या. तू म्हणालीस, "उन्हानं झालेत," आणि मी ऐकलं. नर्सिंग शिकून आलेली मी, कावीळ ओळखता येत नव्हती? तो गुन्हा माझा. तो मी तुझ्यावर ढकलणार नाही.

पण दुसरा तुझा आहे, आणि तो आज बोलणारच. त्या दिवसाच्या आधी, श्रावणातच डॉक्टरांनी दुसरी नर्स मागायचं ठरवलं होतं. माझं नावही काढलं होतं. तू त्यांना परस्पर सांगितलंस, "ती यायची नाही." मला विचारलंस तरी? त्या फाट्यावर उभं राहून एकीला निवडायची पाळी माझ्यावर येऊ नये, म्हणून ना? अगं पण दोघी असतो तर निवडायचं होतंच कशाला? तू डावीकडे गेली असतीस, मी उजवीकडे! तू त्या चढावर एकटी जळत होतीस तेव्हा मी पास होऊन राजूरला दाराचं तोरण विणत बसले होते. तू मला वाचवलंस म्हणतेस? मला वाचवायला तू कुणाला खर्ची घातलंस ते बघ.

कठोर लिहिलं. खोडणार नाही.

आज उंबराला दोन फडकी होती. उजवीकडे लाल काठ, डावीकडे साधं. मी इथे आले तेव्हा या घरची सासू दारातच उभी होती. मी विचारलं, "नर्सबाई गेल्या हे ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक हाय की. दहाव्याला पान्यावर बी गेल्ते मी."

"मग फडकं कुणासाठी बांधलंत?"

मीच येडी असल्यागत ती माझ्याकडे बघायला लागली. "पोट काय थांबतं व्हय बाई? कुनी ना कुनी येईलच म्हनून बांधलं."

मग तिनं सायकलीची नळी हातानं पुसली. "हीच ना ती? माझ्या थोरल्या सुनेला पोचली न्हाई," म्हणाली. आत्या, ती त्याच घरातली! मी म्हटलं, "त्या दिवसाचा राग नाही?" ती म्हणाली, "हाय ना. लई हाय. पन आता आत चल, पोरगी घामानं भिजलीय."

तर ऐक, आत्या. मीही कधी तरी चुकीच्या बाजूला वळेन. डावीकडचं साधं फडकं आत्ताही तसंच लोंबतंय, आणि मला ते इथूनही टोचतंय. हे झालं की तिकडे जाणार, चढाला उतरून, ढकलत. उद्या पंगतीला येईन ती सायकलवरूनच, आणि अण्णांच्या देखत परतही सायकलवरूनच निघेन. गुरुजींना छत्री पुरे. डॉक्टरांना दुसऱ्या नर्सचा अर्ज मी पुन्हा करायला लावणार आहे. आणि पुढे कधी कुणी पोरगी माझ्या मागे लागली, 'मला या रस्त्याला ने' म्हणाली, तर तिच्या वतीनं मी नाही म्हणणार नाही. हे तुला वचन, तुझ्या शेवटच्या शब्दाच्या विरुद्ध.

आतून हाक आली. कळा जवळ आल्यात.

तुझी, तुझं न ऐकलेली,
शकू